चौकशीराव आणि काळा समुद्र

चौकशीराव लिफ्टमध्ये पाय ठेवण्याआधी आत लावलेली पाटी वाचतात. मग आतल्या माणसांवरून नजर फिरवून मनातल्या मनात वजनांची बेरीज करतात आणि एवढं सगळं झाल्यावर विचारतात, "येऊ का?" हा प्रश्न ते माणसांना विचारतात की लिफ्टला, ते अजून कुणाला कळलेलं नाही. कारण तोवर दार मिटतं, लिफ्ट निघून जाते आणि चौकशीराव जिन्याने धापा टाकत वर येऊन समाधानाने सांगतात, "बरं झालं विचारलं."

हे माझ्या बहिणीचे यजमान. चौकशीराव हे नाव त्यांना ऑफिसात पडलं, तिथून ते घरी आलं आणि असं काही चिकटलं की खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलंय. छत्रीच्या दुकानात जाऊन "ही पावसात चालते ना?" असं विचारणारा हा माणूस. उशी घ्यायला गेले तेव्हा "हिच्यावर झोप लागते का?" असं विचारलं. दुकानदार म्हणाला, "साहेब, उशी चांगली आहे. बाकी तुमच्या मनाला काय टोचतंय त्यावर आहे." चौकशीरावांना ते उत्तर इतकं पटलं की त्यांनी दोन उशा घेतल्या.

आता अशा माणसाला पोटापाण्याला कोण लावणार, असं आम्हाला वाटायचं. पण जगात काय नोकऱ्या असतील सांगता येत नाही. चौकशीरावांना पगार मिळतो तो चौकशी करण्याचाच!

म्हणजे असं बघा. तुम्ही संगणकावर एखादा खेळ उघडता, पडद्यावर घोडा दौडतो, त्याच्या आयाळीवर ऊन चमकतं. ते ऊन चमकवण्याचं काम यंत्रातलं ग्राफिक्स कार्ड करतं. आता ही कार्डं बाजारात ढिगाने. कुणाला धुकं काढता येतं, कुणाला पाण्यातलं प्रतिबिंब येतं, तर काही बिचारी इतकी थकलेली की साधी सावली काढायला सांगितली तरी त्यांना धाप लागते. प्रोग्राम लिहिणाऱ्याने कुणाकुणाच्या कलाने घ्यायचं? म्हणून त्यांच्यासाठी लायब्ररी असते. ही लायब्ररी पुस्तकांची नव्हे. नेहमी लागणारं काम कुणीतरी एकदाच नीट लिहून ठेवतं आणि बाकीचे ते आयतं वापरतात, त्याला ते लोक लायब्ररी म्हणतात. अशा एका लायब्ररीत चौकशीरावांचा वाटा एवढाच की, प्रोग्राम सुरू झाला रे झाला की आधी कार्डाला गाठायचं आणि विचारायचं, "काय रे, तुला धुकं येतं का? प्रतिबिंब येतं का?" कार्ड हो किंवा नाही सांगतं. हो म्हणालं की प्रोग्राम सगळा थाट दाखवतो, नाही म्हणालं की मुकाट्याने साधा मार्ग धरतो. कुणाचा अपमान नाही, कुठे आदळआपट नाही.

या विचारण्यावर त्यांची भारी श्रद्धा. त्यांच्या हाताखाली एक नवीन बाई आल्या होत्या. त्यांनी कार्डाचं नाव वाचून, "हे अमुक कंपनीचं आहे, म्हणजे याला येत असणार," असं परस्पर ठरवून टाकलं. चौकशीराव तीन दिवस नीट जेवले नाहीत. "अहो मेहुणे," ते मला म्हणाले, "आडनाव बघून माणसाला गाता येतं की नाही ते ठरवाल का तुम्ही? विचारा ना त्याला! तोंड आहे ना त्याला!"

मी म्हटलं, "आणि तो खोटं बोलला तर?"

"कार्डं खोटं बोलत नाहीत. तेवढ्यासाठीच मी माणसांच्या धंद्यात पडलो नाही."

माणसांच्या धंद्यात माझी ताई आहे. ती लोकांना पोहायला शिकवते. तिचा आवाज असा की तलावाच्या या टोकाला ती "हात!" म्हणाली की त्या टोकाला न्हाणीघरात साबण लावत असलेली माणसंही हात मारायला लागतात. चौकशीराव तिशीत असताना पोहायला शिकावं म्हणून तिच्याकडे गेले. काठावर उभं राहून त्यांनी विचारलं, "पाणी किती खोल आहे?" ताईने सांगितलं. "औषध किती टाकता?" तेही सांगितलं. "माझ्या वजनाचा माणूस यात तरंगतो का?" यावर ताईने उत्तर दिलं नाही. ढकललं. चौकशीराव बुडाले, वर आले, पुन्हा बुडाले, पुन्हा वर आले आणि चक्क तरंगायला लागले. नाकातोंडातलं पाणी काढून त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, "तुमचं लग्न झालंय का?"

ताई अजून म्हणते, "जन्मात त्याने तेवढा एकच प्रश्न वेळेवर विचारला."

त्यांची मुलगी, म्हणजे माझी भाची, आईवर गेली. न विचारता उडी मारायची आणि मग खाली काय आहे ते बघायचं. शिकून झाल्यावर ती नाटकांत शिरली, पण रंगमंचावर नाही, मागे. दिवे, वायरी, पडद्यावरची चित्रं. किती वर्षं ती दुसऱ्यांचे दिवे शिडीवर चढून टांगत होती. "ताई, जरा डावीकडे," "ताई, जरा वर," एवढंच तिचं नाटक. यंदा पहिल्यांदा तिला स्वतःचं असं काम मिळालं. मुलांचं नाटक होतं आणि त्यातलं मुख्य पात्रच समुद्र. गावावर रुसून हा समुद्र निघून जातो आणि एक म्हातारी नावाडीण त्याची समजूत काढायला होडी घेऊन त्याच्या मागे मागे जाते. तर हा समुद्र रंगमंचाच्या मागच्या भल्यामोठ्या पडद्यावर तीन प्रोजेक्टरमधून आणायचा होता. तो रुसायला हवा, फुगायला हवा, पाठ फिरवायला हवा, शेवटी हसायला हवा. भाचीने तो बापाच्याच लायब्ररीवर बांधला. महिनेच्या महिने घरातल्या यंत्रावर तो खळाळत होता. चौकशीराव चहाचा कप घेऊन त्याच्यासमोर बसायचे आणि अधूनमधून तिला विचारायचे, "याला भरती कधी?"

पहिला प्रयोग दुपारी चारचा. सकाळी भाचीने नाट्यगृहातल्या यंत्रावर समुद्र सुरू केला आणि तो आला काळाकुट्ट. लाट नाही, फेस नाही, कुठे काही चुकल्याची सूचना नाही. प्रोग्राम मजेत चालू, आणि पडद्यावर तवा!

घरचं यंत्र आणून जोडावं तर त्यातून एकाच प्रोजेक्टरची वायर निघणार. नाट्यगृहाचे तीनही प्रोजेक्टर प्रेक्षागृहाच्या मागे, वरच्या केबिनमधल्या त्याच एका जुन्या यंत्राला जखडलेले. म्हणजे समुद्र आणायचा तर याच यंत्रातून.

तिचा फोन आला तेव्हा मी चौकशीरावांकडेच होतो. म्हणून गाडी मी काढली. निघण्याआधी त्यांनी ब्रेक, आरसे आणि माझी झोप यांची चौकशी केली. पण या वेळी उत्तरं ऐकायला थांबले नाहीत, त्यावरून प्रकरण गंभीर आहे हे मी ताडलं.

नाट्यगृहाचे व्यवस्थापक आम्हाला दारातच भेटले. त्यांना सगळे पडदेकाका म्हणतात. पोट पुढे, चष्मा कपाळावर आणि खांद्यावर घडी केलेलं निळं कापड. पंचवीस-तीस वर्षं त्या नाट्यगृहात जेवढे म्हणून समुद्र झाले, ते या कापडाने केलेले. दोन्ही टोकांना दोन माणसं बसवायची आणि हलवायचं.

"तुमच्या मुलीला म्हटलं मी," ते चौकशीरावांना सांगू लागले, "काळा तर काळा. रात्रीचा समुद्र म्हणू."

भाची वरच्या केबिनच्या खिडकीतून ओरडली, "काका, गोष्ट दुपारची आहे!"

"मग ढग आलेत म्हणू!"

"काका!"

"हे बघ बाळ," पडदेकाका मान वर करून म्हणाले, "मी काही तुझ्या वाईटावर नाही. पण साडेतीनशे पोरं येणार आहेत समुद्र बघायला, त्यांना मी अंधार दाखवणार नाही. दारं उघडायच्या आधी मला समुद्र दिसला तर तुझा. नाही दिसला तर कापड. माझ्या कापडाने जहाजंच्या जहाजं बुडवलीत, पण एकदाही काळं पडलं नाही ते."

भाचीचा चेहरा खिडकीतून आत गेला. तिच्या जागी मी असतो तर मीही आत गेलो असतो. कापड हललं की तिचं काम संपलं, आणि उद्यापासून पुन्हा शिडी, पुन्हा "ताई, जरा डावीकडे."

केबिन म्हणजे लोखंडी जिन्याच्या टोकाला टांगलेला डबा. प्रेक्षागृहाच्या बाजूला एक लांबट खिडकी, तिच्याकडे तोंड करून दोन हात मागे ओळीने तीन प्रोजेक्टर बसलेले, आणि कोपऱ्यात ते यंत्र. त्याचा पंखा असा घरघरत होता की जणू आपल्याला विचारून काही उपयोग नाही, हे ते आधीच सांगत होतं. चौकशीरावांनी बाह्या सारल्या आणि आपली लायब्ररी कार्डाशी काय बोलली ते यंत्राच्या पडद्यावर आणलं. वाचता वाचता त्यांची छाती फुगली.

"बघ. तुझ्या समुद्राला जे लागतं, ते आहे म्हणतंय ते. स्वच्छ हो म्हणतंय."

"मग समुद्र कुठाय?"

"तुझ्या प्रोग्रामात हरवला असणार."

"बाबा, हाच प्रोग्राम घरी चालतो! तुम्ही त्याच्यासमोर बसून चहा प्यायलात!"

"मी चहा प्यायलो म्हणजे मी तो तपासला असं होत नाही."

"नेहमी माझंच चुकतं. कार्डाचं कधी चुकत नाही, लायब्ररीचं कधी चुकत नाही."

"मी तसं म्हणालो का?"

"तुमच्या भुवया म्हणाल्या!"

मी मध्ये पडून विचारलं की समुद्राला नेमकं लागतं तरी काय. दोघं एकदम बोलायला लागले. शेवटी भाचीने जिंकून सांगितलं, "मामा, समुद्राच्या प्रत्येक ठिपक्याला पाणी किती वर आलंय, किती खाली गेलंय, हे लक्षात ठेवावं लागतं. तो आकडा रंगासारखा नसतो. त्याला दशांश लागतात, नाहीतर लाटेचा जिना होतो. म्हणून कार्डात एक वेगळ्या जातीचं चित्र ठेवायचं, त्याच्यात रंगांऐवजी दशांशांचे आकडे. क्षणोक्षणी ते आकडे बदलायचे आणि त्यांच्यावरून समुद्र काढायचा. अशी दशांशवाली चित्रं कार्डाकडे असली म्हणजे झालं."

"आणि त्याच्याकडे आहेत," चौकशीराव म्हणाले.

"आणि समुद्र काळा आहे," भाची म्हणाली.

मग बापलेकीने तिचा प्रोग्राम ओळ न् ओळ उपसायला घेतला. खाली रंगमंचावर म्हातारी नावाडीण होणारी तरुण नटी होडीत बसून वल्ही मारण्याचा सराव करत होती, काळ्याभोर पडद्यासमोर, एकटीच. ते दृश्य बघून मला भरून आलं. चौकशीराव मात्र भलत्याच कारणाने बेचैन होत चालले होते. तिच्या प्रोग्रामात त्यांना चूक सापडत नव्हती. प्रोग्राम सुरेख होता. पहिला मार्ग दशांशवाल्या चित्रांचा. कार्ड त्याला नाही म्हणालं तर दुसरा मार्ग निम्म्या अचूकतेच्या दशांशांचा. त्याने समुद्राचा फेस थोडा जाड येतो, पण समुद्र येतो. आणि तेही नसेल तर तिसरा मार्ग, नुसतं एक निळं चित्र. आता पहिल्यालाच कार्ड हो म्हणालं, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्याकडे जायचं कारणच नव्हतं.

"छान लिहिलंयस गं," ते न राहवून म्हणाले. एरवी हे ऐकून ती उडालीच असती. आता तिने नुसतं नाक ओढलं.

एवढ्यात ताईचा फोन आला. मागे तलावाचा गलका. मी फोनचा आवाज मोठा करून तो यंत्रावर ठेवला, तशी ताई केबिनभर पसरली.

"आला का रे समुद्र?"

"नाही ना," चौकशीराव म्हणाले. "कार्ड तर हो म्हणतंय."

"कशाला हो म्हणतंय?"

"दशांशवाली चित्रं आहेत म्हणतंय त्याच्याकडे."

"एवढंच? अरे, परवा माझ्याकडे एक गृहस्थ आले. चड्डी आहे, चष्मा आहे, टोपी आहे, कानात घालायची बोंडं आहेत. सगळं आहे म्हणाले. होतंही सगळं. गुडघाभर पाण्यात सोडलं तर बुडायला लागले! मी आता कुणाला काही विचारत नाही. उथळ बाजूला एकदा आडवं पोहून दाखवा म्हणते. पाच मिनिटांत कळतं. ए, तू! पळू नको काठावरून!" हे शेवटचं आम्हाला नव्हतं. फोन बंद झाला.

चौकशीराव फोनकडे बघत राहिले. मग यंत्राकडे. मग त्यांचा चेहरा असा उजळत गेला की जणू आत कुणीतरी एकेक दिवा लावतंय.

"सगळं आहे," ते हळूच म्हणाले. "बरोबर. आहेच. अगं पोरी, ते खरं बोलतंय! दशांशवाली चित्रं त्याच्याकडे आहेत. ठेवता येतात, वाचता येतात. पण तुला ती नुसती ठेवायची नाहीत. तुला क्षणोक्षणी त्यांच्यात नवे आकडे रंगवायचेत. ते जमतं का, हे आपण त्याला विचारलंय कुठे?"

भाची ताडकन उठली. "लायब्ररी विचारत नाही?"

"नाही!"

"कधीच?"

"कधीच नाही! नव्या कार्डांना दोन्ही जमतं. म्हणून माझा अर्धा प्रश्न एवढी वर्षं खपून गेला!"

"म्हणजे चूक लायब्ररीची."

"लायब्ररीची नाही, माझी! ती ओळ माझी आहे!" आणि चौकशीराव टाळ्या वाजवायला लागले. स्वतःची चूक सापडल्यावर इतका हरखून गेलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. भाचीने त्यांच्या गळ्यात हात टाकले. दोघं त्या दीड माणसाच्या केबिनमध्ये नाचायला लागली आणि एका प्रोजेक्टरचं तोंड छताकडे झालं. ते मी सरळ केलं. या सगळ्या प्रकरणात यंत्राला माझा हात लागला तो एवढाच.

"पण आता विचारायचं काय?" भाची भानावर आली. "त्याने अर्धंच सांगितलं तर?"

"विचारायचं नाहीच," चौकशीराव म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकून मी खाली बसलो. "उथळ पाण्यात ढकलायचं त्याला. एक ठिपका. एका ठिपक्याएवढं दशांशवालं चित्र करायचं, कुणाला दिसणार नाही असं. त्यात एक आकडा रंगवायचा आणि लगेच वाचून बघायचा. लिहिला तोच परत आला तर पोहता येतं. नाहीतर बुडाला."

"आकडा कुठला?"

"एकाहून मोठा हवा. साधी चित्रं एकाच्या वर जातच नाहीत, तिथेच कापतात. आणि अपूर्णांक हवा. अडीच!"

त्यांनी पिशवीतून आपला लॅपटॉप काढला आणि लायब्ररीत नवी परीक्षा लिहायला बसले. इतर वेळी हा माणूस एक स्वल्पविराम बदलायचा तर चार जणांना विचारतो. आता त्यांची बोटं अशी पळत होती की मलाच त्यांना काठावरून पळू नका म्हणावंसं वाटलं. खाली दारापाशी पोरांचा गलका सुरू झाला होता. एखाद्या पिशवीत चिमण्या भरून ती हलवावी तसा.

नवी लायब्ररी पेनड्राइव्हवर घालून जुन्या यंत्राला लावली. भाचीने बटण दाबलं.

"अपूर्ण," तिने वाचलं. "रंगवता येत नाही. काही लिहिलंच गेलं नाही."

"शाब्बास!" चौकशीराव ओरडले. "आता खरं बोलला! म्हणजे पहिला मार्ग बंद. आता प्रोग्राम आपण होऊन दुसऱ्या मार्गाला लागेल."

पण भाचीचा चेहरा उतरला होता. "बाबा, दुसरा मार्ग निम्म्या अचूकतेचा. आणि कार्ड स्वतःला काय काय येतं ते सांगतं ना, त्यात निम्म्या अचूकतेचं नावच नाही. मघाशीच बघितलं मी. म्हणजे थेट तिसरा मार्ग. नुसतं निळं चित्र. त्यापेक्षा काकांचं कापड निदान हलतं तरी!"

जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, जड. पडदेकाका वर येत होते.

चौकशीराव यंत्राकडे टक लावून बघत होते. "जे येत नव्हतं त्याला हा हो म्हणाला," ते पुटपुटले. "मग जे येतं ते त्याने सांगितलं असेल कशावरून?"

"म्हणजे?"

"काही माणसं असतात बघ, पोहता येतं पण विचारलं की लाजतात. ढकल यालाही."

"न विचारता?"

"न विचारता!"

त्यांनी परीक्षेत दोन ओळी वाढवल्या. आता सांगितलं असो वा नसो, प्रत्येक जातीच्या चित्रात एक ठिपका रंगवून बघायचा. पेनड्राइव्ह इकडून तिकडे. यंत्राने तो ओळखायला वेळ लावला, भाचीने त्याच्या कुशीत एक गुद्दा दिला, तसा ओळखला. पडदेकाका दारात उभे राहिले, खांद्यावर कापड, हातात घड्याळ. काही बोलण्यासाठी त्यांनी तोंड उघडलं आणि त्याच क्षणी चौकशीरावांनी अशी किंकाळी फोडली की खाली होडीतल्या नटीच्या हातून वल्हं पडलं.

"अडीच! अडीच! अडीच!"

"अडीच कुठले," पडदेकाका म्हणाले, "पावणेचार होत आले."

"अडीच परत आला, काका!" भाचीने त्यांना गदागदा हलवलं. "जसाच्या तसा परत आला!"

"कोण परत आला? कुठे गेला होता?"

तोवर भाचीने समुद्र सुरू केला होता.

आधी नुसतीच एक रेघ उजळली, दूर, पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग ती फुगली. मग तिच्या पोटातून पहिली लाट उठली आणि तीनही प्रोजेक्टर ओलांडत, जराही न अडखळता, रंगमंचाच्या काठापर्यंत आली. होडीतली नटी मागे वळून बघतच राहिली. निळा, हिरवा, मध्ये मध्ये रुसलेला करडा. समुद्राने अख्खं रिकामं प्रेक्षागृह भरून टाकलं.

पडदेकाकांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. मग म्हणाले, "फेस जरा जाड आहे."

"निम्म्या अचूकतेचा आहे, काका," भाची चाचरत म्हणाली.

"असू दे. माझ्या कापडाला तीस वर्षांत आलाच नाही." आणि खिडकीतून खाली वाकून त्यांनी हाक दिली, "सोडा रे पोरांना आत!"

मुलं आली ती बांध फुटावा तशी. ताईही वर आमच्याकडे आली, ओल्या केसांची, गळ्यात शिट्टी तशीच, आणि चुकून वाजवेल म्हणून मी ती काढून घेतली. दिवे मालवले. समुद्र रुसला, तशी मुलं चूप झाली. समुद्राने पाठ फिरवली तेव्हा एक पोरगी मोठ्याने म्हणाली, "नको ना जाऊस!" पुढे वादळात लाट उसळून रंगमंचाच्या काठावर फुटली, आणि पुढच्या रांगेतल्या सगळ्या पोरांनी भराभर पाय वर खुर्चीत घेतले.

केबिनमध्ये भाची यंत्राला चिकटून बसली होती, ओठ घट्ट मिटून. तिच्यामागे चौकशीराव मांडी घालून जमिनीवर. इथपर्यंत ठीक होतं. पण पाय वर घेणारी पोरं दिसल्यावर त्यांना राहवेना. नीट बघावं म्हणून ते उठले, खिडकीशी गेले, आणि थेट मधल्या प्रोजेक्टरच्या तोंडासमोर उभे राहिले.

भर समुद्रात, क्षितिजापाशी, एक काळं गोल डोकं वर आलं. दोन्ही बाजूंना कान.

"बेट!" एक पोरगा ओरडला. "बेट आलं! बेट!"

"बेट! बेट!" अख्खं नाट्यगृह उभं राहिलं. होडीतली नटी मोठी हुशार. तिने डोळ्यांवर हात धरून बेटाकडे पाहिलं, म्हातारीच्या आवाजात "अगं बाई, हे कुठून उगवलं!" म्हणाली आणि जोरजोरात वल्ही मारत त्या दिशेने निघाली. बेट खूश होऊन डोलायला लागलं.

"बाबा!" भाची दबक्या आवाजात किंचाळली. तिने मागून त्यांच्या टकलावर दोन्ही हात ठेवले आणि सगळा जोर लावला. "बुडा! बुडा ना!"

बेट बुडालं. पोरांनी एकच जल्लोष केला. आणि त्या जल्लोषात भाची, बापाचं डोकं तसंच खाली दाबून धरून, सकाळपासून पहिल्यांदा पोटभर हसली.